विश्लेषण : विश्रामबागेच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतो का?

दप्तरात मावणारी आणि मोबाइलवरून चालणारी ‘स्मार्ट’ दुर्बीण आता हौशी खगोलप्रेमींच्या हाती आली आहे. हजारो प्रकाशवर्षे दूरच्या वायूच्या ढगांची रंगीत छायाचित्रे पूर्वी वेधशाळांकडूनच येत. आता ती घराच्या गच्चीवरून काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली जातात. याच काळात शहरांतले आकाश मात्र झपाट्याने उजळत आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या, रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या विश्रामबागेसारख्या भागातून असे छायाचित्र खरेच निघते का, त्यासाठी काय लागते आणि त्यातले किती खरे मानायचे, याविषयी…

तेजोमेघ म्हणजे नेमके काय?

ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेला वायू आणि धूळ म्हणजे तेजोमेघ. काही तेजोमेघांत नवे तारे जन्मतात, तर काही मरणाऱ्या ताऱ्यांनी सोडलेल्या वायूचे अवशेष असतात. सर्वांत परिचित तेजोमेघ आपल्या मृग नक्षत्रात आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे बहुतेकांना ओळखता येतात. त्यांच्या जरा खाली फिकट ताऱ्यांची एक छोटी ओळ दिसते. त्या ओळीतला मधला ‘तारा’ किंचित पुसटलेला वाटतो. तो तारा नसून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत तो ‘एम ४२’.

हा तेजोमेघ साध्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. छायाचित्रात गुलाबी-जांभळा फुललेला हा ढग डोळ्याला राखाडी, फार तर हिरवट धुरासारखा दिसतो. दोष दुर्बिणीचा नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या एका छोट्या अंशात जेवढा प्रकाश आला, तेवढ्यावर मेंदू चित्र बनवतो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी होते. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र मिनिटभर, तासभर, कित्येक रात्रींचा प्रकाश जमा करू शकतो. या छंदाचे सगळे शास्त्र या एका फरकावर उभे आहे.

हा फरक पहिल्यांदा वापरला तो अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी मृगातल्या याच तेजोमेघाचे ५० मिनिटांचे छायाचित्र घेतले. तेजोमेघाचे ते जगातले पहिले छायाचित्र. तीन वर्षांनी इंग्लंडमधील अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांच्या छायाचित्रात त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. कॉमन हे व्यवसायाने अभियंते होते, म्हणजे आजच्या भाषेत हौशीच.

मोठी दुर्बीण लागते का?

बहुतेकांची पहिली समजूत अशी की, दूरचे टिपायचे तर ‘पॉवर’ हवी. प्रत्यक्षात तेजोमेघ लहान नसतात, अंधुक असतात. मृगातला तेजोमेघ आकाशात सुमारे एक अंशभर, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा पसरलेला आहे. शृंगाश्व तारकासमूहातला ‘रोझेट’ त्याहून मोठा. हंस तारकासमूहातला ‘नॉर्थ अमेरिका’ तेजोमेघ तर तीन-चार चंद्र एका ओळीत मांडल्यासारखा. मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात हे मावतच नाहीत. म्हणून पन्नास ते शंभर मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण, किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे असते तसली २०० मिलिमीटरची लेन्सही पुरते.

दुर्बिणीपेक्षा महत्त्वाचा असतो तो तिच्याखालचा स्टँड, ज्याला ‘माउंट’ म्हणतात. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. साध्या तिपाईवर २०० मिलिमीटरची लेन्स लावून दोन-अडीच सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवले की ताऱ्यांच्या रेघा होतात. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि मोटर तो पृथ्वीच्या गतीने उलट दिशेला फिरवते. तारा मग चित्रात जागच्या जागी राहतो. अनुभवी छायाचित्रकार नवख्याला सांगतात की, पैसे आधी माउंटवर घाला, दुर्बीण नंतर बघू. हा सल्ला दुकानात सहसा मिळत नाही.

सांगलीकरांची इथे एक खास अडचण आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते. सांगलीत ती जेमतेम १७ अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षाही कमी. तेवढ्या उंचीवर शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा नुसती धूळ असली तरी ध्रुव दिसत नाही आणि माउंटचा अक्ष जुळवणे जिकिरीचे होते. आता संगणकाच्या मदतीने ध्रुव न दिसताही जुळणी करता येते. पूर्वी त्यात निम्मी रात्र जाई.

‘स्मार्ट’ दुर्बिणींनी नेमके काय बदलले?

दुर्बीण, माउंट, कॅमेरा, फोकस करणारी मोटर, फिल्टर आणि संगणक हे सारे एका डब्यात आले. ‘झेडडब्ल्यूओ’ या चिनी कंपनीने २०२३ मध्ये आणलेले ‘सीस्टार एस ५०’ हे त्यातले सर्वाधिक गाजलेले यंत्र. व्यास ५० मिलिमीटर, नाभीय अंतर २५० मिलिमीटर. गच्चीवर ठेवून मोबाइलवर तेजोमेघाचे नाव निवडले की यंत्र आकाशाचा फोटो काढून आपण कुठे बघतो आहोत ते ताऱ्यांच्या नकाशावरून ओळखते, लक्ष्याकडे वळते आणि दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे घेऊ लागते. प्रत्येक नवे छायाचित्र आधीच्यांवर रचले जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर चित्र मिनिटागणिक स्वच्छ होत जाते.

या रचण्याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. त्यामागचे गणित सोपे आहे. प्रत्येक छायाचित्रात तेजोमेघ त्याच जागी असतो, पण सेन्सरची खरखर दर वेळी वेगळी असते. चार छायाचित्रांची सरासरी काढली की खरखर निम्मी होते, शंभरांची काढली की दहावा हिस्सा उरते. उपग्रहाने किंवा विमानाने ओढलेली रेघ एखाद्याच छायाचित्रात असते. ती सरासरीत न बसणारी म्हणून गाळली जाते. अवकाशात स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह फिरत असताना हौशी मंडळींचे काम अजून चालू आहे, ते या गाळण्यामुळे. ज्या व्यावसायिक दुर्बिणी एकेका दीर्घ छायाचित्रात आकाशाचा मोठा पट्टा टिपतात, त्यांना ही सोय तितकीशी उपयोगी पडत नाही.

‘सीस्टार’ची अमेरिकेतील किंमत बाजारात आली तेव्हा सुमारे ५०० डॉलर होती. भारतात वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी धरून ती बरीच वाढते. तरीही माउंट, दुर्बीण, थंड होणारा कॅमेरा आणि लॅपटॉप असा सुटा संच जमवण्यापेक्षा ती कितीतरी कमी. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला किंवा चार मित्रांना मिळून परवडेल अशी ही रक्कम आहे. विश्रामबाग म्हणजे १९१९ पासूनचे विलिंग्डन आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असलेला परिसर, त्यामुळे ही गोष्ट इथे विशेष लागू पडते.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. हे छोटे माउंट आडवे-उभे वळते, ध्रुवाभोवती नाही. त्यामुळे लक्ष्य मध्यभागी राहिले तरी चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरते आणि कडा वाया जातात. अगदी डोक्यावरच्या आकाशात हे सर्वाधिक होते. शहरात तर नेमके डोक्यावरचे आकाशच सर्वांत काळे असते. सांगलीत कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात, तेव्हा त्या अशा यंत्रावर घ्यायच्या तर जरा आधी किंवा नंतर. कंपनीने पुढे ध्रुवाकडे कललेल्या मांडणीची सोयही दिली, पण मग ‘ठेवले की चालू’ हा मूळ सोपेपणा जातो.

शहरातल्या उजेडाने किती फरक पडतो?

फार. आकाशाची पार्श्वभूमी जितकी पट उजळ, तितकाच पट जास्त वेळ त्याच दर्जाच्या चित्रासाठी द्यावा लागतो. उत्तम काळ्या आकाशाची तेजस्विता एका प्रमाणित मापावर २२ च्या आसपास असते, मोठ्या शहराच्या आकाशाची १८ च्या. या चार अंकांचा अर्थ सुमारे ४० पट. म्हणजे लडाखमधील हानले येथे एका तासात जे मिळेल, त्यासाठी शहरात ४० तास. चांगल्या रात्री पाच तास मिळाले, असे धरले तरी आठ रात्री. इतक्या सलग मोकळ्या रात्री नोकरदार माणसाला हिवाळ्यातही मिळत नाहीत.

विश्रामबागेच्या पश्चिमेला सांगली, पूर्वेला मिरज, उत्तरेच्या अंगाला कुपवाडची औद्योगिक वसाहत. सांगली-मिरज रस्त्यावरची दुकाने, मंगल कार्यालये आणि फलक वेगळेच. जिल्ह्याची आणखीही काही वैशिष्ट्ये आहेत. गळीत हंगामात उसाच्या फडातला पाला पेटवला की धुराचा थर खाली साचतो आणि शहराचा उजेड परत खाली फेकतो. कृष्णाकाठी पहाटे धुके आणि दव. लेन्सवर दव धरले की रात्र संपली, म्हणून लेन्सभोवती गुंडाळायची तापपट्टी इथे चैन नसून गरज आहे.

त्यात गेल्या दहा वर्षांत दिव्यांची जातच बदलली. केंद्र सरकारचा एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला आणि देशभर एक कोटीहून अधिक जुने दिवे बदलले गेले. वीज वाचली, हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याचा प्रकाश बराचसा ठरावीक तरंगलांबींत एकवटलेला असे. तेवढाच भाग अडवणारा फिल्टर लावला की आकाश बऱ्यापैकी काळे करता येई. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत पसरतो आणि त्यातला निळा भाग हवेत सर्वाधिक विखुरतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी लोकांनी हौसेने घेतलेले ‘सिटी फिल्टर’ आज जवळजवळ निरुपयोगी झाले आहेत.

जागतिक पातळीवर याचे मोजमाप झाले आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ दरम्यान जगभरच्या नागरिकांनी नोंदवलेली ५१ हजारांहून अधिक निरीक्षणे तपासली गेली. आकाशाची उजळणी वर्षाला सरासरी ९.६ टक्के या वेगाने वाढते आहे, असा निष्कर्ष निघाला. जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी १०० च दिसतील, असे त्या वेगाचे गणित सांगते. उपग्रहांना ही वाढ पूर्ण दिसली नव्हती, कारण त्यांचे सेन्सर एलईडीच्या निळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळे होते. माणसांच्या उघड्या डोळ्यांनी ती पकडली.

मग गच्चीवरून चित्र निघते तरी कसे?

याचे उत्तर ज्या हिरव्या रेषेत आहे, तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग सप्तरंगी पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे हा पेटलेला वायू होता. त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. कुणी नव्याच मूलद्रव्याची कल्पना केली, त्याला ‘नेब्युलियम’ असे नावही पडले. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती उल्कांतल्या मॅग्नेशियमची पट्टी असावी. वाद रंगला.

त्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. ग्रब कंपनीची मोठी परावर्ती दुर्बीण तिथे होती. नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि ती हिरवी रेषा रेखीव आहे, पट्टीसारखी एका बाजूला विरत जात नाही, असे १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले. निष्कर्ष लॉकियर यांच्या मताविरुद्ध जाणारा होता. नायगमवाला यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि मुख्य दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने ती आठवण फारशी जपलेली नाही.

कोडे सुटले १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की तसली विरळता तेव्हाच्या प्रयोगशाळांत निर्माणच होत नव्हती, म्हणून पृथ्वीवर ती रेषा कुणी पाहिली नव्हती.

आज हौशी छायाचित्रकाराच्या फिल्टरवर ‘ओ-थ्री’ असे लिहिलेले असते, ती हीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा. जोडीला हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा, ‘एच-अल्फा’. दुहेरी पट्ट्याचा फिल्टर या दोन रेषांभोवतीचा काही नॅनोमीटरचा भाग तेवढा आत सोडतो. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटरचा. त्यातला एवढासाच भाग घेतला की रस्त्यावरच्या एलईडीचा बहुतांश प्रकाश बाहेर राहतो आणि तेजोमेघाचा जवळजवळ सगळा आत येतो. शहराने काढून घेतलेले बरेचसे काही हा काचेचा तुकडा परत देतो. छोट्या स्मार्ट दुर्बिणींतही तो बसवलेलाच असतो. विश्रामबागेच्या गच्चीवरून ‘रोझेट’ मिळतो तो यामुळे.

पण प्रत्येक गोष्टीवर हा इलाज चालत नाही. कृत्तिकांभोवतीची निळी झालर स्वतः पेटलेली नसून ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारी धूळ आहे. तिचा प्रकाश एलईडीसारखाच सर्व रंगांत पसरलेला. देवयानी दीर्घिकेचेही तेच. या दोन्हींसाठी फिल्टर कुचकामी, तिथे गाडी काढून अंधाराकडे जाण्याशिवाय पर्याय नाही. साध्या डीएसएलआरची आणखी एक गोम आहे. त्वचेचे रंग नैसर्गिक यावेत म्हणून सेन्सरपुढे बसवलेली काच नेमका एच-अल्फाचा मोठा भाग अडवते. ती काच काढून घेतलेले कॅमेरे या छंदात म्हणूनच चालतात, मात्र असा कॅमेरा नंतर घरच्या समारंभात नेला तर सगळ्यांचे चेहरे लालबुंद येतात.

सांगलीतून कधी, काय दिसते?

‘मृग निघाला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, सूर्य मृग नक्षत्रात असतो. म्हणजे तेजोमेघ भर दिवसा डोक्यावर, ढगांच्याही पलीकडे. सहा महिन्यांनी मार्गशीर्षात तोच तेजोमेघ रात्रभर आकाशात राहतो आणि सांगलीतून ६८ अंशांपर्यंत वर चढतो. मार्गशीर्षी पौर्णिमेला चंद्र त्याच भागात असतो, ती रात्र सोडावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावास्यांच्या आसपासचे दिवस सर्वांत मोलाचे.

दुःख आहे ते धनु राशीचे. आकाशगंगेचा गाभा आणि ‘लगून’, ‘ट्रिफिड’, ‘गरुड’ हे भरजरी तेजोमेघ मध्यरात्री डोक्यावर येतात ते जून-जुलैत, पावसाच्या ऐन भरात. महाराष्ट्रात ते गाठायचे तर मार्च ते मे या महिन्यांत पहाटे उठून. एप्रिलमध्ये रात्रीही हवा तापलेली असते आणि गरम सेन्सरची खरखर वाढते. तापमान सहा-सात अंशांनी वाढले की ती साधारण दुप्पट होते, म्हणून थंड होणाऱ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग युरोपपेक्षा इथे जास्त.

दक्षिणेला असण्याचा एक लाभही सांगलीला मिळतो. अगस्त्याच्या पूर्वेकडचा ‘कॅरिना’ हा तेजोमेघ मृगातल्या तेजोमेघाहून कितीतरी मोठा आणि तेजस्वी आहे. युरोपातून तो उगवतच नाही, दिल्लीहून क्षितिजाला घासून जातो. सांगलीतून एप्रिलच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला १३ अंशांवर येतो. शहरातून तेवढ्या खालचे काही मिळणार नाही. दंडोबाच्या डोंगरावरून किंवा जतच्या माळावरून, दक्षिण मोकळी असेल तर, प्रयत्न करण्यासारखा आहे. शिराळ्याच्या बाजूला अंधार चांगला, पण बिबट्याचा वावर. तिकडे एकट्याने जाऊ नये. कुठेही गेले तरी शेतमालकाला आधी सांगितलेले बरे. रात्री रानात लाल टॉर्च घेऊन फिरणारी माणसे पाहिल्यावर गाव गोळा होणे साहजिक आहे.

ही छायाचित्रे खरी की बनावट?

समाजमाध्यमांवर प्रत्येक चित्राखाली हा प्रश्न असतो आणि तो गैर नाही. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’मध्ये गंधकाच्या रेषेला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. हायड्रोजनची आणि गंधकाची रेषा दोन्ही मुळात तांबड्या. तशाच ठेवल्या असत्या तर वेगळ्या ओळखू आल्या नसत्या. हा नकाशासारखा संकेत आहे. नकाशात जिल्हे गुलाबी-पिवळे रंगवले म्हणून कुणी नकाशाला खोटा म्हणत नाही. फक्त संकेत काय ते सांगायला हवे, आणि अनेक जण ते सांगत नाहीत.

खरी काळजी वेगळीच आहे. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले बारकावे भरले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली, चित्र रेखीव करणारी आणि खरखर पुसणारी साधने आता तेजोमेघांच्या छायाचित्रणातही सर्रास वापरली जातात. ती जपून वापरली तर जे टिपले गेले तेच नीट दाखवतात, सढळ हाताने वापरली तर वायूत नसलेले तंतू उमटतात. चंद्र सगळ्यांच्या ओळखीचा, तिथली लबाडी पकडता आली. अंधुक तेजोमेघाचा खोटा तंतू कोण पकडणार? जाणकार मंडळींत म्हणून चित्रासोबत एकूण किती तास प्रकाश जमवला, फिल्टर कोणता, ठिकाण कोणते हे लिहिण्याची रीत आहे. ती माहिती नसलेले अतिसुंदर चित्र पुढे पाठवण्याआधी थोडे थांबावे.

मेहनतीचे मोल मात्र यंत्राने कमी होत नाही. मे २०२१ मध्ये पुण्यातील एका सोळा वर्षांच्या मुलाने ५० हजारांहून अधिक फ्रेम जोडून केलेले चंद्राचे छायाचित्र देशभर गाजले होते. चंद्र तेजस्वी, तेजोमेघ अंधुक, त्यामुळे तंत्र वेगळे. शेकडो फ्रेममधून एक चित्र विणण्याची चिकाटी तीच.

हौशींच्या छायाचित्रांचा विज्ञानाला उपयोग होतो?

कधी कधी थक्क करणारा. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील जे मॅकनील यांनी घरच्या अंगणातून तीन इंची दुर्बिणीने मृगाच्या परिसराचे छायाचित्र घेतले. आधीच्या कोणत्याही नकाशात नसलेला एक छोटा तेजोमेघ त्यात उमटला होता. एक बालतारा अचानक उजळल्याने आसपासची धूळ दिसू लागली होती. व्यावसायिक दुर्बिणी लगेच तिकडे वळल्या.

दुसरे उदाहरण अधिक बोलके. देवयानी दीर्घिकेइतके छायाचित्रण फार थोड्या खस्थ वस्तूंचे झाले असेल. फ्रान्सचे यान सेंटी व झेवियर स्ट्रॉटनर आणि जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर या तीन हौशींना तिच्याच शेजारी दीड अंश लांबीचा, म्हणजे तीन चंद्रांएवढा, ऑक्सिजनचा निळसर कंस सापडला. दुर्बीण होती १०६ मिलिमीटर व्यासाची. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झाले. तो कंस देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, याविषयी अजून चर्चा चालू आहे. मोठ्या वेधशाळांना तो आधी का दिसला नाही? त्यांचे दृष्टिक्षेत्र अरुंद आणि वेळ तासांच्या हिशेबाने वाटलेला. एकाच जागेवर ओ-थ्री फिल्टर लावून रात्रीमागून रात्री घालवणे त्यांना परवडत नाही. हौशीला कुणाला हिशेब द्यायचा नसतो.

महाराष्ट्रात या छंदाची पायाभरणी जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची. मुंबईच्या खगोल मंडळाने हजारोंना रात्रभराच्या आकाशदर्शनाची सवय लावली. पुण्याच्या ‘आयुका’ने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. आरसा स्वतः घासून दुर्बीण करणारी ती पिढी आणि अॅपवर बोट ठेवणारी ही पिढी यांच्यात थोडी कुरबूर असते, ती चालायचीच.

अंधार राखण्यासाठी काय होते आहे?

प्रकाशप्रदूषणासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्सने डिसेंबर २०१८ मध्ये नियम करून दिव्याचा किती प्रकाश आकाशाकडे जावा आणि दुकाने-कार्यालयांचे दिवे कधी विझवावेत हे ठरवून दिले. आपल्याकडे ध्वनीच्या डेसिबलची मर्यादा निदान कागदावर आहे, उजेडाची तीही नाही. मंगल कार्यालयाचा आकाशात फिरणारा झोत शेजाऱ्याच्या खोलीत आणि शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात शिरला, तर तक्रार कोणत्या कलमाखाली करायची, हेच ठरलेले नाही.

संरक्षित अंधाराचे प्रयोग मात्र सुरू झाले आहेत. लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा परिसर डिसेंबर २०२२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी व प्रशिक्षण मिळाले आणि आकाशदर्शन हा त्यांचा पूरक व्यवसाय झाला. महाराष्ट्राची पाळी जानेवारी २०२४ मध्ये आली. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ने देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली रोखलेले दिवे लावण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, उजेड रस्त्यावर राहिला इतकेच.

शहरांनाही एवढेच करायचे असते. दिव्याला वरून टोपी, ३,००० केल्विनच्या आतला पिवळसर रंग, गरजेपुरती तीव्रता आणि मध्यरात्रीनंतर मंद करण्याची सोय. यातली शेवटची गोष्ट जुन्या सोडियम दिव्याला अवघड होती, एलईडीला सोपी आहे. ज्या एलईडीने आकाश पांढरे केले, तोच नीट वापरला तर विजेची आणखी बचत करून ते थोडे काळे करू शकतो. पालिकेच्या निविदेत दिव्याचे वॅट लिहिलेले असतात, रंग आणि कोन याकडे सहसा कुणी बघत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचे जंगल आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पेंचभोवतीचे दिवे ज्याच्या पुढाकाराने बदलले, त्याच राज्य वन खात्याच्या ताब्यात तेही आहे.